रा रा रास्पुतिन: गळा एकाचा, नाच दुसऱ्याचा, चाल तिसऱ्याचीच

शहापूरकर

बेळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाला एक क्लॅरोनेटवाले मास्तर राहायचे. दिवसा वडगावात मागावर, लग्नसराईत बँडमध्ये. मी सातवी-आठवीत असेन, म्हणजे १९८४ च्या आगेमागे. संध्याकाळी माग बंद झाला की मास्तर उंबऱ्यावर बसायचे, क्लॅरोनेटची पत्ती काढून जिभेवर भिजत ठेवायचे आणि ती तोंडात असतानाच आम्हा पोरांना शिव्या घालायचे. वाजवायला लागले की आधी आरती, मग लावणी, राजकुमारच्या सिनेमातलं एखादं कानडी गाणं, असं करत करत गाडी शेवटी एका चालीवर यायची. ती चाल लागली की समोर सुपारी कातरणारा दुकानदारसुद्धा अडकित्ता तालात चालवायचा. तिचं नाव आमच्यात ‘रा रा’. वरातीत नवऱ्यामुलाचे दोस्त दहाची नोट मास्तरांच्या टोपीत खोचायचे आणि ओरडायचे, "मास्तर, रा रा होऊ दे की!"

तेलुगूत ‘रा’ म्हणजे ‘ये’ असं कुणीतरी सांगितलेलं. त्यामुळं कुठली तरी तेलुगू बाई कुणाला तरी बोलवत असणार, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

पुढं कॉलेजात असताना कॅम्पातल्या एका मित्राच्या घरी टेपवर ती चाल लागली. मी ताडकन उठून म्हणालो, "आमच्या मास्तरांची चाल ह्या लोकांनी कुठनं उचलली?" हे मी खरंच म्हणालो. मित्र आजही चार माणसांत ते सांगून माझी काढतो.

तर गाणं ‘रास्पुतिन’, रशियाच्या राणीच्या मर्जीतल्या एका साधूवरचं. साल १९७८, बँड बोनी एम. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असेल. मजा पुढं आहे.

हा बँड म्हणजे मुळात एकच माणूस. फ्रँक फरियन, जर्मनीतल्या किर्न गावचा. १९७५ मध्ये त्यानं स्टुडिओत एक गाणं केलं. त्यातला खोल घोगरा आवाज त्याचा आणि वरचा बायकी आवाजही त्याचाच. रेकॉर्डवर स्वतःचं नाव घालायला नको म्हणून त्यानं ‘बोनी एम’ असं नाव ठेवलं. बोनी हा एका ऑस्ट्रेलियन टीव्ही मालिकेतला डिटेक्टिव्ह, त्याला नुसता एक एम चिकटवला. गाणं हॉलंड-बेल्जियमकडं चालायला लागलं आणि टीव्हीवर उभं करायला माणसं लागणार, ही अडचण आली. बँड आधी गाजला, माणसं मागनं शोधली!

शेवटी चौघं जमली, चौघंही कॅरिबियन बेटांवरची. लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट जमैकाच्या, मेझी विल्यम्स मॉन्टसेराटची आणि बॉबी फॅरेल अरुबाचा. बॉबी पंधराव्या वर्षी जहाजावर खलाशी म्हणून घरातनं बाहेर पडलेला, नॉर्वेत राहिला, मग हॉलंडमध्ये येऊन डीजे झाला. अंगात हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी असा नाचायचा. चमकीचे कपडे, उघडी छाती, डोक्यावर केसांचा डोंगर. बोनी एम म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो बॉबीच.

आणि रेकॉर्डवर तो गातच नाही. पुरुषाचा गाता आवाज फरियनचा. बायकांत लिझ आणि मार्शिया गायल्या, मेझीचाही आवाज रेकॉर्डवर नाही. म्हणजे चौघांतली दोघं ओठ हलवणारी, आणि ज्याचा आवाज जगभर वाजत होता तो माणूस काचेमागं बसलेला.

‘डॅडी कूल’ (१९७६) ज्यांनी ऐकलंय त्यांना सुरुवातीची ती टिकटिक आठवत असेल. ती फरियननं आपल्या दातांवर पेन्सिल वाजवून काढलेली. हे वाचल्यावर मी घरी करून बघितलं. येते. बायको म्हणाली, दाताचा खर्च कोण करणार.

एवढं सगळं टंकलं ते एका प्रश्नासाठी. हे कळल्यावर मला राग यायला पाहिजे होता, आला नाही. बॉबीला तुम्ही काय म्हणाल? लबाड?

---

निपाणीकर

काय म्हणाल म्हणजे? लबाडच की! तिकिटाचे पैसे भरून लोक आले आणि स्टेजवर हा नुसता तोंड उघडझाप करणार. तंबाखूच्या पेटीत वर चांगला माल लावून खाली कचरा भरला तर आमच्याकडं त्या माणसाशी पुन्हा कुणी व्यवहार करत नाही.

आणि शहापूरकर, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. हाच फरियन पुढं पुन्हा तेच करून बसला. मिली व्हॅनिली! दोन देखणी पोरं उभी केली, रॉब आणि फॅब, गाणारे भलतेच. १९८९ मध्ये अमेरिकेत एका कार्यक्रमात मागची टेप अडकली आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजायला लागली. तरी १९९० मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं, आणि त्याच वर्षी सगळं बाहेर आल्यावर परत घेतलं. लोकांनी दगड मारले ते त्या दोन पोरांना. करणारा बाजूलाच.

---

खानापूरचा_पाहुणा

टेप अडकण्यावरनं आठवलं. माझ्या मावसभावाच्या लग्नात बँजो पार्टी आणलेली, कुठली ते सांगत नाही, त्यांची पोरं हा धागा वाचत असतील. ट्रॉलीवर हे मोठे स्पीकर, कॅसिओ, ऑक्टोपॅड, बँजो, दोन ढोल. अण्णा म्हणाले, पोरं काय वाजवतात बघ, एक सूर इकडचा तिकडं होत नाही.

वरात देवळाच्या चढाला लागली आणि जनरेटर बंद पडला. गाणं गप्प. पण बँजोवाल्याच्या ते लक्षातच आलं नाही, तो डोळे मिटून, मान हलवत, बोटं चालवतच होता! आवाज काही नाही. ढोल मात्र वाजत होते, कारण ते खरे होते.

अण्णांनी ठरल्यातले पाचशे कापले. ढोलवाल्यांना वेगळे शंभर-शंभर दिले.

---

शहापूरकर

खानापूरचा_पाहुणा, हसून ठसका लागला. अण्णांचा हिशेब मला पटला.

निपाणीकर, मिली व्हॅनिलीचं मुद्दाम ठेवलं होतं, तुम्ही आधीच फोडलंत. पण एक सांगा. आपण लहानपणापासून सिनेमात काय बघितलं? पडद्यावर एक, गाणारा दुसरा. त्याला आपण लबाडी म्हणतो काय? पार्श्वगायन म्हणतो आणि दोघांवर जीव टाकतो. युरोप-अमेरिकेला ज्याचा एवढा धक्का बसला, ते आपल्याकडं रोजचं वरणभात.

---

निपाणीकर

आपल्याकडं नाव छापतात हो. फरक आहे.

---

कॅम्पवाली

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

तुमचा सगळा धागा बॉबीवर चाललाय आणि लिझ मिचेल एका ओळीत संपवली. आमच्या घरी बोनी एम म्हणजे लिझच. खरं गाणारी ती होती. बोनी एमच्या आधी ती जर्मनीत ‘हेअर’ नावाच्या संगीतिकेत होती, मग लेस हंफ्रीज सिंगर्समध्ये. म्हणजे पोरगी काही रस्त्यावरून उचलून आणलेली नव्हती.

आमच्याकडं डिसेंबर लागला की बाबा ती कॅसेट काढायचे. आई आणि मावश्या नाताळच्या फराळाचे कुलकुल वळत बसलेल्या, फणीच्या पाठीवर पीठ दाबून गुंडाळायचं, आणि मागं ‘मेरीज बॉय चाइल्ड’. ते गाणं १९५६ मध्ये हॅरी बेलाफॉन्टेनं गायलेलं, बोनी एमनं १९७८ मध्ये पुन्हा केलं. त्याच रात्री ती कॅसेट शेजारच्या घरात, पलीकडच्या घरात, सगळीकडं एकाच वेळी वाजत असायची, पण कुणाची दोन ओळी पुढं, कुणाची मागं. आमच्या गल्लीतला ख्रिसमस असा कधीच एका सुरात लागला नाही.

पण मला सांगायचं होतं ते ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’बद्दल. त्यावर आम्ही लहानपणी नाचायचो. एकदा आजी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "रडायच्या गाण्यावर नाचताय काय गं?" आजीला इंग्रजी येत नव्हतं. पण बाबांनी तिला अर्थ सांगितलेला आणि तिनं तो मराठी बायबलात शोधून काढलेला. स्तोत्रसंहिता, स्तोत्र १३७. बाबेलच्या नद्यांकाठी बसून सियोनची, म्हणजे आपल्या यरुशलेमची, आठवण काढून रडणारे लोक. धरून नेणारे त्यांना म्हणतात, तुमच्याकडची गाणी म्हणून दाखवा. ते म्हणतात, परक्या मुलखात आमच्या परमेश्वराचं गाणं कसं म्हणायचं?

हे गाणंही बोनी एमचं स्वतःचं नाही. जमैकातल्या मेलोडियन्स या त्रिकुटानं १९७० मध्ये केलेलं, लिहिलं ब्रेंट डो आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांनी. ते रास्ताफारी पंथाचे. त्यांच्यासाठी बाबेल म्हणजे गुलाम करून आणलं तो सगळा मुलूख. मूळ गाण्यात त्यांच्या देवाची त्यांची खास नावं आहेत. बोनी एमनं ती काढून साधं ‘लॉर्ड’ केलं, म्हणजे कुणाला कुठं अडायला नको. १९७८ मध्ये ते इंग्लंडात पाच आठवडे पहिल्या नंबरवर होतं. आणि ते उतरायला लागल्यावर रेडिओवाल्यांनी तीच रेकॉर्ड उलटी घातली, मागच्या बाजूला ‘ब्राउन गर्ल इन द रिंग’ होतं, तर ते दुसऱ्या नंबरपर्यंत चढलं! ते तर तिकडच्या पोरींचं खेळातलं गाणं आहे. गोल धरायचा, मध्ये एकीला उभं करायचं. आपला हादगा म्हणा, फक्त हत्तीच्या जागी पोरगी.

आजीनं त्या दिवसानंतर ते गाणं बंद केलं नाही. पण ते लागलं की ती खुर्चीत बसायची आणि आम्ही नाचायचं जरा कमी करायचो.

---

टिळकवाडीची_सून

कॅम्पवाली, आजीबद्दल अजून लिहा ना. आणि कुलकुल वळायला फणी नवीन घ्यायची हो, एवढं लिहायला हवं होतं 😄

---

पेटीवाला

शहापूरकर, तुमच्या शीर्षकातलं ‘चाल तिसऱ्याचीच’ कुणीच धरलं नाही म्हणून मी धरतो.

‘रास्पुतिन’च्या कडव्याची चाल पेटीवर काढा. कोमल गंधार, कोमल धैवत, हात किरवाणी रागाच्या वाटेनं जातो. आता ‘उस्कुदारा गिदेरिकेन’ हे तुर्की लोकगीत ऐका. कुठंही सापडेल. दोन्ही एकामागून एक ऐकल्यावर मला कुणी सांगू नये की योगायोग आहे. तिकडं त्या गाण्याला ‘कातिबिम’ही म्हणतात, म्हणजे माझा कातिब. आपल्याकडच्या जुन्या फारसी कागदांत भेटतो तोच कातिब, लिहिणारा, कारकून. उस्कुदार हा इस्तंबूलचा आशियाकडचा भाग. तिकडं जाताना पाऊस आला, माझ्या कारकुनाचा लांब कोट चिखलानं भरला, असं ते गाणं. एका बाईचं कारकुनावर मन बसलंय, बस एवढंच. ते पुढं रशियाच्या राणीपर्यंत पोचलं!

मधला एक टप्पाही आहे. १९५३ मध्ये अर्था किट या अमेरिकन गायिकेनं ते गायलं आणि ते युरोप-अमेरिकेत घराघरांत गेलं. तेव्हा फरियन बारा वर्षांचा होता.

आणि हे एकच नाही. ‘मा बेकर’ची (१९७७) चाल ट्युनिशियातल्या ‘सिदी मन्सूर’ या लोकगीतावरची. त्या गाण्यातली बाई खरी कोण, तर अमेरिकेतली मा बार्कर. ‘बेकर’ म्हणायला बरं वाटतं म्हणून आडनावच बदललं!

आता ‘रास्पुतिन’च्या रेकॉर्डवर नावं कुणाची? फ्रँक फरियन, फ्रेड जे आणि जॉर्ज रेयाम. फ्रेड जे गीतकार, ऑस्ट्रियात जन्मलेला ज्यू, नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेला गेलेला. रेयाम कोण म्हणाल तर हान्स यॉर्ग मायर. मायर हे नाव इंग्रजी अक्षरांत उलटं लिहिलं की रेयाम. तिथंही मुखवटाच! उस्कुदारच्या बाईचं नाव कुठंच नाही.

---

निपाणीकर

घ्या. आवाज एकाचा, तोंड दुसऱ्याचं, चाल तुर्कांची आणि संगीतकाराचं आडनाव उलटं. अजून कुणी म्हणा लबाड नाही म्हणून.

---

पेटीवाला

निपाणीकर, चाल घेण्याला मी लबाडी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर आपली संगीत नाटकं आधी गुंडाळून ठेवावी लागतील. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. ‘शाकुंतल’ १८८० चं, ‘सौभद्र’ त्यानंतरचं. जुनी छापील प्रत असेल घरात तर उघडून बघा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल –’ असं असतं आणि पुढं ज्या गाण्यावरून घेतलं त्याचे पहिले दोन शब्द. कुठं लावणी, कुठं साकी, कुठं कर्नाटकी चाल. उचललं, आणि कुठनं उचललं तेही सांगितलं. गाणाऱ्यालाही सोपं, कारण मूळ चाल येत असली की पद लगेच बसतं.

माझ्याकडची प्रत आजोबांची आहे. एका पदाला त्यांनी छापील चाल खोडून पेन्सिलीनं दुसरीच लिहिलीय. मतभेद तेव्हाही होते.

---

सीमेवरचा

पेटीवाला यांनी उस्कुदारचा विषय काढलाच आहे तर एक सांगतो. अडेला पीवा या बल्गेरियन बाईंनी २००३ मध्ये ‘हे गाणं कुणाचं?’ अशा नावाचा एक माहितीपट काढला. सुरुवात इस्तंबूलच्या एका खानावळीत. वेगवेगळ्या देशांतले दोस्त एका टेबलावर जेवतायत, हीच चाल लागते आणि तुर्क म्हणतो आमची, ग्रीक म्हणतो आमची, सर्ब म्हणतो आमची. मग बाई कॅमेरा घेऊन गावोगाव फिरतात. कुठं ते प्रेमाचं गाणं, कुठं देवाचं, कुठं लढाईचं. आणि ‘अहो, हे तर पलीकडचेपण म्हणतात’ असं म्हटलं की समोरची हसरी माणसं एकदम अंगावर येतात. काही ठिकाणी बाईंना तिथून काढता पाय घ्यावा लागतो.

मी ते घरी बघत होतो आणि बाजूला बाबा. बाबा म्हणाले, "आमच्यात मराठी-कानडी पाट्यांवरनं होतंय ते ह्यांच्यात चालीवरनं होतंय." आणि उठून जेवायला गेले.

---

संपादक

पाट्यांचा विषय इथं नको, कृपया. गाण्यावर राहू.

---

इतिहासाचा_किडा

गाण्यातला इतिहास निम्मा खरा आहे, म्हणून थोडं.

रास्पुतिन सायबेरियातल्या पोक्रोव्स्कोये खेड्यातला शेतकरी. साधू, पण आपल्या अर्थानं संन्यासी नव्हे, बायकापोरंवाला. झारच्या एकुलत्या एक मुलाला, अलेक्सीला, हिमोफिलिया होता. जरा मार लागला तरी आतलं रक्त लवकर थांबायचं नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि हा जवळ बसून प्रार्थना करायला लागला की पोर शांत व्हायचं. आईला आणखी काय पाहिजे? राणी अलेक्झांड्राचा त्याच्यावर विश्वास बसला तो असा. तो तिचा प्रियकर होता याला पुरावा नाही. तेव्हाच्या बाजारगप्पा होत्या, गाण्यानं त्या तशाच उचलल्या. चालीसारख्याच.

मारलं ते राजपुत्र युसुपोव्ह आणि मंडळींनी, पेट्रोग्राडमध्ये, युसुपोव्हच्या वाड्यात. विष घातलेले केक आणि दारू पचवून तो बसून राहिला, ही गोष्ट युसुपोव्हनं स्वतः लिहिलेली, म्हणजे मारणाऱ्याच्या तोंडची. मारेकरी आपला बळी नेहमी राक्षसाएवढा करून सांगतो, नाहीतर मर्दुमकी कशी दिसणार? शेवटी गोळ्या घातल्या आणि प्रेत गोठलेल्या नदीत टाकलं. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणं तारीख १७ डिसेंबर १९१६, आपल्या कॅलेंडरप्रमाणं ३० डिसेंबर.

आता नीट ऐका. बोनी एम १९७८ च्या डिसेंबरात मॉस्कोला गेले. शीतयुद्धाच्या दिवसांत तिकडनं एवढा मोठा पॉप बँड येणं हीच बातमी. फरचे कोट घालून लाल चौकात उभे राहिले, चित्रीकरण झालं. पण ‘रास्पुतिन’ तिथं गायचं नाही, असं सरकारनं बजावलेलं. ज्या देशावरचं गाणं, त्या देशात तेवढंच सोडून सगळं झालं.

बत्तीस वर्षांनी बॉबी फॅरेल एका कार्यक्रमासाठी सेंट पीटर्सबर्गला गेला. म्हणजे तेच जुनं पेट्रोग्राड. रात्री कार्यक्रम केला, हॉटेलवर झोपायला गेला आणि सकाळी उठलाच नाही. वय ६१. तारीख ३० डिसेंबर २०१०.

तेच शहर, तीच तारीख. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. तरी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून पाणी प्यायलो.

---

खानापूरचा_पाहुणा

काय सांगुलास बे! काटा आला अंगावर.

---

रीलवाली

काका-काकू मंडळी, मला हे गाणं २०२१ मध्ये कळलं 🙈 मॅजेस्टिक नावाच्या ब्रिटिश डीजेचं रिमिक्स. टिकटॉक आपल्याकडं आधीच्याच वर्षी बंद झालेलं, म्हणून मी इन्स्टावर बघितलं. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही सहा जणी त्यावर नाचलो, तो रशियन बसून पाय फेकायचा प्रकार करून. दुसऱ्या दिवशी सहाही जणी जिना उतरताना कठड्याला धरून. बॉबी एकटा हे कसं करायचा देव जाणे.

मला खरंच वाटलेलं ते २०२१ चंच गाणं आहे. गायक कोण, हे बघितलंच नव्हतं. आता हा धागा वाचून वाटतंय, बघितलं असतं तरी चुकीचाच माणूस सापडला असता 😂

---

निपाणीकर

रीलवालीचं शेवटचं वाक्य माझ्या बाजूचं आहे. नोंद घ्यावी.

---

शहापूरकर

घेतली नोंद. आणि मघाशी तुम्ही म्हणालात ना, आपल्याकडं नाव छापतात, त्याचंही उत्तर द्यायचं राहिलं. सुरुवातीला छापत नव्हते. ‘महल’ (१९४९) च्या रेकॉर्डवर ‘आएगा आनेवाला’ची गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलेलं. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र! रेडिओकडं लोकांची पत्रं आली, ही बाई कोण म्हणून, तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. म्हणजे तुमच्या पेटीतला वरचा माल आणि खालचा माल आपल्याकडंही एकदा असाच होता. ऐकणाऱ्यांनी विचारलं म्हणून सुटलं.

त्यामुळं माझं मत आता असं झालंय: गळा उसना देणं-घेणं चालतं, चाल उचलणंही चालतं. नाव दडवलं तिथं मात्र निपाणीकर बरोबर आहेत. फरियन २०२४ च्या जानेवारीत गेला, मायामीत. पैसा त्याच्याकडं, आवाजही त्याचा, आणि शिव्या खायला बॉबी. बॉबीला १९८१ मध्ये काढलं, काही वर्षांनी परत घेतलं, १९८६ ला बँडच मोडला. पुढं जन्मभर तो गावोगाव ‘बोनी एमचा बॉबी’ म्हणून फिरत राहिला, तेव्हा मात्र माइक हातात घेऊन.

बरं, हे सगळं इथं टंकत बसण्यापेक्षा रविवारी उठून मास्तरांकडं गेलो. ऐंशीच्या घरात आहेत. पुढचे दात गेले, त्यामुळं क्लॅरोनेट बंद. पेटी कपाटावर, वरती नातवाची क्रिकेटची बॅट. मी ‘रा रा’ म्हणालो तर ओळखीचं हसले आणि सुनेला म्हणाले, ती लांब वही काढ.

मागाच्या हिशेबाची लांबट वही. त्यात गाण्यांचे स्वर, सगळे कानडी अक्षरांत, कारण मास्तरांची शाळा कानडी. वरची नावं मात्र मराठीत, कारण नावं गिऱ्हाईकांना वाचून दाखवायची. पेटीवाला, तुम्हाला हे आवडेल: प्रत्येक गाण्याच्या वर कोपऱ्यात एक ओळ. ‘सांगलीच्या बँडवाल्याकडनं.’ ‘रेडिओ धारवाड.’ ‘आई.’ आणि एका पानावर: ‘रा रा. चाल – कॅम्प, कॅसेटचं दुकान, उभं राहून ऐकली, तीन दिवस.’

तीन दिवस! दुकानदारानं कॅसेट विकली नाही की मास्तरांकडं पैसे नव्हते, ते विचारायचं धाडस झालं नाही.

मग मोबाईलवर बॉबीचा व्हिडिओ लावून दिला. काही सांगितलं नाही. मास्तरांनी चष्मा लावला, मोबाईल हातभर लांब धरला. अर्धा मिनिट झाला नसेल.

"हा गाईना की रे."

मी म्हटलं, कशावरनं?

"श्वास बघ. उडी मारतंय आणि तिथंच लांब सूर लागतोय. माणूस श्वास घेतल्याबिगर सूर काढील काय? मी पन्नास वर्षं फुंकलंय."

व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा बघताना वहीच्या पुठ्ठ्यावर बोटं चालत होती, क्लॅरोनेटची भोकं झाकावीत तशी.

"पण नाचतंय झकास," म्हणाले. "आमच्या बँडच्या पुढं चालायला पाहिजे होता. सगळ्या नोटा ह्याच्याच टोपीत पडल्या असत्या."